तांदळाच्या डब्यातला फोन

खोली बघायला गेलो तेव्हा आप्पांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, खाण्यापिण्याचंही विचारलं नाही. बेळगावच्या वडगावात बिनओळखीच्या माणसाला खोली देताना एवढं विचारल्याशिवाय कुणी किल्ली काढत नाही. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "लायब्रीत हाय म्हणता. मग कुणी कुठलं पुस्तक नेलं ते दुसऱ्यानं विचारलं तर सांगता काय?"

"नाही सांगत."

"प्रिन्सिपॉलनं विचारलं तर?"

"त्यांनाही नाही."

"आणि बायकोनं नवऱ्याचं विचारलं तर?"

असा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. थोडा विचार करून मी म्हणालो, "नवऱ्यालाच विचारा म्हणेन."

आप्पा गुडघ्यावर हात देऊन उठले. "या. वर पाण्याची बोंब हाय, पण वारं चांगलं येतं."

त्यानंतर पुष्कळ वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिलो. हा शब्दही त्यांचाच. "आमचे सर आमच्या डोक्यावर असत्यात," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. आता खालच्या घराला कुलूप आहे. वारा अजून चांगला येतो. मी कॉलेजातून निवृत्त झालो आहे, दुसरीकडे जायला हरकत नाही, पण पुस्तकं बांधायला घेतो आणि पुन्हा उलगडून ठेवतो.

आप्पांचं घराणं साड्या विणणाऱ्यांचं. मागच्या अंगाला लांबट खोलीत यंत्रमाग होते, आणि त्या खडखडाटात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे ते बोलायचे ते ओरडूनच, आणि त्यांना ऐकू यायचं ते अर्धंच. हळू आवाजात सांगायची गोष्टसुद्धा ते अशी सांगायचे की समोरच्या पानपट्टीवरचा माणूस मान हलवायचा. अशा माणसाला आपलं काही खाजगी असावं असं वाटावं, ह्याची मला सुरुवातीला गंमत वाटे.

माग विकले तेव्हा खोली रिकामी झाली आणि तिथे गाडी आली. गाडी त्यांच्या मुलीने, सुजाताने, घेऊन दिली. ती बंगळूरला संगणकाच्या कंपनीत. आप्पांना एकच मूल, आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. गाडी आणायला मीही गेलो होतो. शोरूममधल्या पोरानं पुढचा मोठा पडदा लावून दाखवला आणि म्हणाला, "सर, फोन द्या, जोडून देतो. काँटॅक्ट घेऊ दे का विचारतंय, हो म्हणू?"

"कोण विचारतंय?"

"गाडी, सर."

"गाडीला माझ्या पावण्यांची नावं कशाला पायजेत?"

"म्हणजे फोन आला की नाव दिसतं, सर."

"फोन आला की मला आवाजावरनं कळतं. न्हाय म्हण तिला. आणि काय काय विचारत्येय ते सगळ्याला न्हायच म्हण."

पोरगा न्हाय, न्हाय दाबत गेला. शेवटी पडदा काळा पडला. आप्पा खूश झाले. "आता कशी शेजारणीसारखी गप बसली बघा."

खरं म्हणजे हे वेड त्यांच्या डोक्यात घातलं होतं सुजातानेच. एका दिवाळीला फराळ करताना ती सहज बोलून गेली की हल्ली फोनवरच्या नकाशाला आपण कुठे गेलो, कुठे किती वेळ थांबलो, ते सगळं कळतं आणि राहतं. गाणी ऐकायच्या ॲपला आपण कुठलं गाणं कितीदा ऐकलं तेही कळतं. आप्पांच्या हातातला चकलीचा तुकडा हातातच राहिला. "म्हंजे मी कुठं गेलतो ते माझ्याआधी त्याला म्हाईत?" त्या दिवाळीत त्यांनी तिला दुसरं काही बोलूच दिलं नाही. हे बंद कसं करायचं, ते बंद कसं करायचं. तिनेही हौसेने करून दिलं. एका जुन्या फोनमधलं सिमकार्ड काढलं, घरच्या वायफायवर बेळगाव, निपाणी, कोल्हापूरपर्यंतचा नकाशा त्यात उतरवून दिला. लोकांनीच मिळून तयार केलेला तो फुकटातला नकाशा, नेट नसताना चालणारा. कुठून कुठे गेलो ते तो फोन लक्षात ठेवणार नाही, अशी व्यवस्थाही केली. गाण्यांसाठी एक पेनड्राइव्ह भरून दिला. आप्पा तो गाडीत खुपसायचे आणि खाली उतरताना किल्लीबरोबर खिशात टाकायचे.

स्वतःचा रोजचा फोन ते गाडीने निघताना घरी ठेवून जात. स्वयंपाकघरात तांदळाचा डबा होता, त्यात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तांदूळ ऐकत न्हाईत, बोलत न्हाईत. असा सोबती दुसरा कोण हाय?"

त्यांच्या सगळ्याच व्यवस्था अशा. नकाशात 'घर' म्हणून त्यांनी आपलं घर घातलंच नव्हतं, रस्त्याच्या टोकाची पाण्याची टाकी घातली होती. उद्या फोन कुणाच्या हाती लागला तर तो टाकीवर जाईल, आपल्या दारात नाही, असा हिशोब. एकदा उचगावच्या त्यांच्या मेव्हण्याने हौसेने गाडी चालवायला घेतली आणि 'घर' दाबलं. संध्याकाळी पावणे टाकीखाली उभे आणि आप्पा गाडीत शेजारी गप्प बसून. मेव्हणे वैतागले. "आप्पा, तोंडानं सांगायचं की!"

"तुम्ही नकाशाला विचारलं. मधी मी कशाला बोलू?"

गाडी दुरुस्तीला द्यायची झाली की आदल्या दिवशी पडद्यावरचं सगळं पुसून काढायचे. गॅरेजवाला हसायचा. आप्पा म्हणायचे, "डॉक्टरकडं जाताना घरचं कपाट उघडं टाकून जातोस काय रं?" नकाशाचा आवाजही त्यांनी बंद ठेवला होता. कारण विचारलं तर एकदम हळू बोलले, म्हणजे त्यांच्या मानाने हळू. "रस्ता सांगणारी स्कूटरवर मागं बसायची. आता दुसरी नको."

मला हे सगळं अतीच वाटे. एकदा म्हणालोही, की आप्पा, तुमच्या जाण्यायेण्यात लपवण्यासारखं आहे काय?

"मी लपवत न्हाय, सर. मी सांगत न्हाय. दोन्हीत लई फरक हाय."

गाण्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मला उमगत नव्हती. त्यांच्याबरोबर काकतीला किंवा बाजाराला गेलो की पेनड्राइव्हवर एखादं भजन लागे. दोन ओळी झाल्या की आप्पा मागे नेत. पुन्हा त्याच दोन ओळी. पुन्हा मागे. त्यांचा हात स्टिअरिंगवर एका ठेक्यात पडत राही, आणि ओठ हलत. मला वाटे, ऐकू कमी येतं म्हणून पुन्हा पुन्हा लावतात. भर उन्हाळ्यातही ते काचा वर करून बसायचे. आणि शनिवारी दुपारी गाडी बाहेर काढायचे ती एकट्यानेच. शनिवारी मला कधी चला म्हणाले नाहीत.

मग त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस गाडी बंद केली. त्या शनिवारी आप्पा जिना चढून वर आले. घरमालक असून माझ्या दारात यायला ते संकोचत. काळा चष्मा सावरत म्हणाले, "सर, गाडी येते न्हवं तुम्हाला?"

"येते."

"मग चला. फोन खाली डब्यात ठेवा. तुमचाबी."

हायवेवर आल्यावर निपाणीचा रस्ता धरा म्हणाले. तवंदीचा घाट उतरल्यावर डावीकडे, उजवीकडे एवढंच सांगत राहिले. बाजाराच्या मागच्या एका गल्लीत गाडी लावली. समोरच्या घराचा दरवाजा सताड उघडा होता आणि आतून पेटी वाजत होती. सतरंजीवर परकरपोलक्यातल्या, फ्रॉकमधल्या लहान लहान मुली रांगेत बसल्या होत्या. पुढे पेटीमागे साठीच्या एक बाई. आप्पांना बघून मुली सरकल्या. "आजोबा आले, आजोबा आले." आप्पांनी रांगेच्या शेवटी घडी घातलेल्या घोंगडीवर बैठक मारली, कारण मांडी घालणं त्यांना जमत नव्हतं, आणि मुलींबरोबर सारेगम म्हणायला सुरुवात केली.

मला संगीत कळत नाही. पण ते बेसूर होतं एवढं मलाही कळलं. त्यांचा ताल मात्र असा पक्का की पेटी चुकेल, ते चुकणार नाहीत. हात मांडीवर मागासारखा पडत होता. बाईंनी सगळ्यांना एकच सूर लांब धरायला सांगितला तेव्हा आप्पा गोंधळले. ठेका नाही, मग उभं कशावर राहायचं? त्यांचा हात आपोआप मांडीवर आपटू लागला आणि सूर तुटून तुटून येऊ लागला.

बाई थांबल्या. "आप्पा, माग बंद करा."

मुली खिदळल्या. आप्पाही. हात उचलून त्यांनी पाठीमागे धरला आणि पुन्हा लागले.

परतताना आम्ही संकेश्वर ओलांडलं. तेच म्हणाले, "हसा की."

"हसण्यासारखं काय आहे त्यात?"

"सगळंच हाय. म्हणून तर सुजाताला सांगितलं न्हाय. तुम्हीबी सांगू नका. कुणालाच."

"पण आप्पा, ह्यात वाईट काय आहे?"

"वाईट असतं तर सांगून टाकलं असतं, सर. माफी मागून मोकळा झालो असतो. चांगलं हाय म्हणून ठेवलंय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पोरीला सांगितलं तर ती व्हिडिओ मागंल. मग तो तिच्या सासरी, मग पावण्यांत, मग गल्लीत. मग मला गाता येतं का न्हाय ते लोक ठरवणार. अजून माझंच ठरलेलं न्हाय."

गाडी ही त्यांची रियाजाची खोली होती, हे तेव्हा कळलं. त्या दोन ओळी, त्या वर केलेल्या काचा. कुठलं गाणं आपण किती वेळा ऐकतो ह्याची नोंद त्यांना का नको होती, तेही.

आप्पा गेले ते एका शनिवारी. तवंदी घाटाच्या अलीकडे, बेळगावकडे तोंड करून गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. छातीत दुखायला लागल्यावर त्यांनी हे सगळं शिस्तीत केलं असावं. सुजाता दुपारपासून त्यांना फोन लावत होती आणि तो खाली स्वयंपाकघरात डब्यात वाजत होता. मी वरून ऐकत होतो. आप्पा नेहमीसारखे गेले असतील म्हणून मी उठलो नाही. गाडीतल्या फोनला सिम नाही, खिशात कुणाचा नंबर नाही. गाडीच्या कागदांवरून पोलिसांनी घर शोधलं तोवर अंधार पडला होता. त्यांच्या त्या सगळ्या व्यवस्थेचा मला त्या रात्री इतका राग आला, की ते समोर असते तर मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो असतो.

दिवसकार्य झालं, पावणे पांगले. एका सकाळी मी खाली आलो तर सुजाता मागाच्या खोलीत, गाडीत बसली होती. मांडीवर तो बिनसिमचा फोन.

"काका, ह्यात काही नाही," ती म्हणाली. "कुठे गेले, कुठे थांबले, काही नाही. गाडीच्या स्क्रीनवर नाही. मीच बंद करून दिलं होतं सगळं. लोकांच्या बापाचे फोटो राहतात, मेसेज राहतात. माझ्या बापाने मला पाण्याची टाकी ठेवली."

मी दाराशी उभा राहिलो.

"मला म्हणायचे, शनिवारी भाजी आणतो, झोपतो. भाजीला माणूस निपाणीच्या वाटेला जातो का? पानपट्टीवर काय बोलतात ते मी ऐकलंय. म्हणतात, निपाणीत दुसरं बिऱ्हाड होतं." तिचा आवाज चढला. "असलं तर असू दे. पण मला कळू दे. आजारी होते का? डॉक्टरकडे जात होते का? शेवटच्या दिवशी माझा बाप कुठून परत येत होता, एवढंच मला पाहिजे. तुम्हाला माहीत आहे का काका?"

खोटं बोलणं मला सुचलं नाही. "माहीत आहे."

ती गाडीतून उतरली. "मग सांगा."

"ते एकट्या आप्पांचं नाही गं. आणखी एका माणसाचं आहे. मला त्यांना विचारून येऊ दे."

"म्हणजे बाई आहे."

"मला विचारून येऊ दे."

"मेलेल्या माणसाचं कसलं हो खाजगी?" ती म्हणाली. "त्यांना आता काय फरक पडतो? मला पडतो ना! मी उद्या बंगळूरला जाऊन डोक्यात काय घेऊन बसू?"

मी छत्री घेतली आणि स्टँडवर जाऊन निपाणीची बस पकडली.

बाईंच्या घराचा दरवाजा उघडाच होता. मला बघताच त्या उठल्या. "या की, सर. आप्पा कुठं आहेत? दोन शनिवार झाले, आले न्हाईत. मला वाटलं, रागावले. मागल्या खेपेला मी जरा कडकच बोलले होते."

त्यांना माहीतच नव्हतं. माहीत होणार कसं? त्यांच्याकडे आप्पांचा नंबर नव्हता, आप्पांच्या घरी त्यांचं नाव नव्हतं. मी सांगितलं. बाई खाली बसल्या आणि पेटीवरच्या कापडाची घडी उघडत, मिटत राहिल्या.

मग मी कशाला आलो तेही सांगितलं. त्या एकट्या राहतात, नवरा वारलेला, गाव लहान. त्यांचं नाव वडगावच्या तोंडी गेलं तर? म्हणून आधी विचारायला आलो.

बाईंनी पदराने डोळे पुसले. "विचारायला आलात, बरं केलंत. माझं म्हणाल तर इथं बोलायचं ते बोलून झालंय. विधवेच्या दारात शनिवारी गाडी लागते म्हणून. म्हणून तर मी दरवाजा लावत न्हाय, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. पण आप्पांचं मी सांगू शकत न्हाय. त्यांना नको होतं, न्हवं?"

"नको होतं."

"मुलगी रडते काय?"

"रडत नाही. रागावली आहे."

"मग आणा तिला. येत्या शनिवारी, पोरी असताना. मी माझ्या वर्गाबद्दल सांगीन. माझ्या वर्गात कोण येत होतं ते सांगायचा मला हक्क हाय."

शनिवारी गाडी सुजाताने चालवली. मी रस्ता सांगत होतो. घाटाच्या अलीकडे तिने वेग कमी केला, पण थांबली नाही. गल्लीत शिरलो तेव्हा मुलींचा सारेगम चालू होता आणि तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. दारात ती थबकली. सतरंजी, पेटी, मुली, रांगेच्या टोकाला घडी केलेली घोंगडी. एक मुलगी ओरडली, "बाई, आजोबांच्या जागेवर कोण बसायचं?"

सुजाताने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "आप्पा?" ती म्हणाली. "इथे? गायला?"

"शिकायला," बाई म्हणाल्या. "गायला अजून वेळ होता."

सुजाता तिथेच, चपला काढायचं विसरून, उंबऱ्यावर बसली. "पण कशासाठी?"

"मीबी विचारलं होतं एकदा. म्हणाले, कशासाठी असायलाच पायजे काय?"

"चांगलं गायचे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "खोटं कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "न्हाय. ताल म्हणजे तुमच्या घराण्याचा, त्याला तोड न्हाय. पण सूर लागायचा न्हाय. एकच सूर धरायला सांगितला की म्हणायचे, बाई, ठेका न्हाय तर धागा कशावर ताणू?"

सुजाता हसली. हसता हसता तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुली तिच्याकडे बघत राहिल्या.

"त्या दिवशी?" तिने हातांआडूनच विचारलं.

"त्या दिवशी तर लई वाईट गायले. पोरी गेल्या तरी बसून राहिले, नुसता सा धरत. मी वैतागले. म्हटलं, आप्पा, ह्या जन्मी जमायचं न्हाय. जाताना चपला घालत विचारतात, आज जरा लागला न्हवं? मी म्हटलं, न्हाय. तर हसले. म्हणाले, 'मग फुडल्या शनिवारी.' आणि गेले, काचा वर करून."

मग सुजाताने चपला काढल्या, आत आली आणि घोंगडीच्या घडीवर बसली. "कुठला सा तो?"

बाईंनी भाता ओढला आणि काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. सूर खोलीभर पसरला. सुजाताने डोळे मिटले, आवाज लावला. आवाज कापरा होता आणि सुराच्या थोडा खाली. ती धरून राहिली, दम संपेपर्यंत, मग श्वास घेऊन पुन्हा. बाईंनी पट्टीवरचं बोट उचललं नाही, आणि तिला वर ये असंही म्हणाल्या नाहीत.